जुन्या मोटारीचा खरा रंग कोणता?

जुन्या मोटारीचा मूळ रंग कोणता, असे विचारले की बहुतेक वेळा तीन उत्तरे मिळतात. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्यावर होता, तो एक. चाळीस-पन्नास वर्षांचे ऊन-पाऊस सोसून आज तिच्यावर उरला आहे, तो दुसरा. घरातल्या माणसांच्या आठवणीत आहे, तो तिसरा. उत्तर देणारे सगळेच प्रामाणिक असतात, पण हे तीन रंग शेजारी शेजारी ठेवले तर एकमेकांशी जुळत नाहीत. जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतलेल्या माणसाला इंजिनाचे सुटे भाग मिळवताना त्रास होतो, पत्र्याच्या कामात पैसा जातो. तरी तिथे बरोबर काय आणि चूक काय हे ठरलेले असते. पिस्टन बसतो किंवा बसत नाही. रंगाच्या बाबतीत ‘जुळला’ म्हणजे कशाशी जुळला, हेच आधी ठरवावे लागते.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत मोटारीच्या रंगकामाची साधने फार सुधारली. रंग मोजणारी यंत्रे आली, ग्रॅमच्या दशांशापर्यंत तोलून छटा बनवणारी दुकाने तालुक्याच्या गावापर्यंत पोचली, पन्नास वर्षांपूर्वी स्वप्नातही नव्हते इतके टिकाऊ रंग बाजारात मिळू लागले. एवढे असूनही आपल्याकडच्या रॅलींमध्ये उभ्या असलेल्या अनेक जुन्या गाड्या रंगाच्या बाबतीत चुकलेल्या असतात, आणि हे सांगताना मला वाईट वाटते, कारण त्यांच्यावर मालकांनी जीव आणि पैसा दोन्ही ओतलेले असतात. कमतरता साधनांची नाही, पुराव्याची आहे. आणि तो पुरावा बहुतेक वेळा गाडी घासताना आपल्याच हातून पुसला जातो.

थरांचा इतिहास

कोणत्या काळातल्या गाडीवर कोणत्या जातीचा रंग होता, हे कळल्याशिवाय जुळणीचा विचारही करता येत नाही. अगदी सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांच्या कारखान्यांतल्या रीतीनेच रंगवल्या जात. जवसाच्या तेलावर आधारलेले रंग आणि व्हार्निश, ब्रशने एकावर एक दिलेले अनेक हात, प्रत्येक हात वाळण्याची वाट, मधे घासणे आणि पुन्हा हात. एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. डांबरी द्रव्य आणि जवसाचे तेल यांचे मिश्रण भट्टीत भाजून पक्के करायचे, असा तो ‘जपान ब्लॅक’ जातीचा रंग होता.

ड्यु पाँट कंपनीच्या ‘ड्युको’ने हे सगळे पालटले. १९२३ साली जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाड्या या नायट्रोसेल्युलोज लॅकरने निळ्या रंगवून विक्रीला आणल्या. स्प्रे गनने मारता येणारा, आठवड्यांऐवजी काही तासांत वाळणारा आणि हव्या त्या छटेत बनवता येणारा हा रंग होता. वाळण्याचा वेळ वाचला तशी कारखान्यांची गती वाढली, आणि गाडीचा रंग ही विक्रीची गोष्ट झाली. १९२७ मध्ये जनरल मोटर्सने ‘आर्ट अँड कलर’ नावाचा स्वतंत्र विभागच उघडला. आपल्याकडचे जुने पेंटर अजूनही मोटारीच्या कुठल्याही रंगाला सरसकट ड्युको म्हणतात.

नायट्रोसेल्युलोज, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘एनसी’, हा रंग केवळ थिनर उडून जाऊन वाळतो. त्यात रासायनिक बदल होत नाही, म्हणून वर पुन्हा थिनर पडला की तो पुन्हा मऊ होतो. हा त्याचा गुणही आहे आणि दोषही. नवा हात जुन्यात मुरून एकजीव होतो, त्यामुळे दुरुस्तीचा सांधा दिसत नाही. पण थर पातळ बसतात, बरेच हात द्यावे लागतात, चमक घासून काढावी लागते, आणि वर्षानुवर्षे तो आकसत राहून शेवटी त्याला बारीक तडे जातात. त्याच्या पाठोपाठ आलेली अल्किड इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतात आणि पॉलिश न करताही चमकतात. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल मोटर्सने ॲक्रिलिक लॅकर आणले. पुढे रंगात हार्डनर मिसळून वापरायचे पॉलियुरेथेन, म्हणजे आजचे ‘टू-के’, सर्वत्र पसरले. १९८० च्या दशकापासून खाली रंगाचा थर आणि वर पारदर्शक क्लिअर ही जोडी रूढ झाली, आणि युरोपात पुढे त्यातला रंगाचा थर पाण्यावर आधारलेला झाला.

गाडीवर यांतला कोणता रंग आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. थिनरमध्ये भिजवलेले फडके दिसणार नाही अशा कोपऱ्यात घासावे. एनसी असेल तर रंग फडक्यावर उतरतो. इनॅमल असेल तर तो सुरकुततो, फुगतो. पक्का झालेला टू-के हलत नाही. ही चाचणी न करता जुन्या इनॅमलवर कडक थिनरचा रंग मारला की खालचा थर उचलला जातो आणि सगळे काम खरवडून काढावे लागते. कुठल्याही गावातल्या पेंटरला हे ठाऊक असते. पण घाई मालकाला असते.

पुरावा कुठे सापडतो

परदेशी गाड्यांच्या बाबतीत शोध पाटीपासून सुरू होतो. अनेक युरोपीय आणि अमेरिकन कारखाने बॉडीवर रंगाचा संकेतांक असलेली पाटी लावत. त्या संकेतांकावरून रंग कंपन्यांच्या जुन्या शेड कार्डांपर्यंत आणि मिश्रणाच्या सूत्रांपर्यंत जाता येते. अमेरिकेत डिट्झलर या रंग कंपनीची जुनी शेड कार्डे संग्राहक जपून ठेवतात, आणि जर्मनीतल्या ग्लासुरिट कंपनीने जुन्या मोटारींच्या रंगांचा मोठा संग्रह खास याच कामासाठी सांभाळला आहे. तरीही संकेतांक ही फक्त सुरुवात असते. जुने सूत्र ज्या रंगद्रव्यांवर बेतलेले होते त्यांतली काही आता बनतच नाहीत. शेड कार्डही इतक्या वर्षांत पिवळटलेले असते. शिवाय एकाच नावाचा रंग वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कारखान्यात थोडा वेगळा निघत असे.

नावाच्या भरवशावर राहण्याचा धोका सर्वांत स्पष्ट दिसतो तो ‘ब्रिटिश रेसिंग ग्रीन’मध्ये. हे नाव घेतले की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एक गडद हिरवा उभा राहतो. पण १९०३ ची गॉर्डन बेनेट शर्यत आयर्लंडमध्ये झाली त्या काळापासून ब्रिटिश शर्यतीच्या गाड्यांवर हिरव्या रंगाच्या कितीतरी छटा येऊन गेल्या. त्यांतली एकच खरी असे म्हणता येत नाही. जग्वार किंवा एमजी हिरव्या रंगात रंगवणाऱ्याने त्या वर्षीचा, त्या मॉडेलचा हिरवा शोधायचा असतो.

पाटी नसेल तर गाडीलाच विचारावे लागते. डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या आतल्या कव्हराखाली, मागच्या सीटखाली, डिकीतल्या मॅटखाली, क्रोमच्या पट्ट्यांखाली, मागच्या दिव्याच्या रबराखाली, नंबर प्लेटच्या मागे ऊन पोचलेले नसते आणि नंतरच्या पेंटरची गनही सहसा पोचलेली नसते. इंजिनाजवळचा रंग मात्र पुरावा म्हणून कच्चा, कारण उष्णता आणि तेल यांनी तो बदललेला असतो. उघड्या भागावर शोधायचे असेल तर नाण्याएवढी जागा बारीक वॉटर पेपरने उतार देत हळूहळू घासावी. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे एकेका रंगाचे कडे उमटत जाते: वरून तिसरा मालक, दुसरा मालक, मधला प्रायमर, आणि अगदी आत, कारखान्याच्या प्रायमरला चिकटलेला पहिला रंग. या कामाला अर्धा दिवस लागतो. त्यातून गाडीचे जे चरित्र कळते ते कुठल्याही कागदावर नसते.

पण झाकलेल्या जागेतला रंग म्हणजे मूळ रंग, हे गृहीतही तपासून घ्यावे लागते. जवसासारख्या तेलावर आधारलेली अल्किड इनॅमल अंधारात पिवळी पडतात, आणि उजेडात तो पिवळेपणा बराचसा कमी होतो. म्हणजे एखाद्या पांढऱ्या किंवा फिकट निळ्या गाडीच्या डॅशबोर्डमागचा तुकडा कारखान्यातल्या दिवसापेक्षा पिवळसर असू शकतो. त्यावरून रंग जुळवला तर पांढरी गाडी मलईच्या रंगाची होते, निळी गाडी हिरवटाकडे झुकते. असा तुकडा काही दिवस उजेडात ठेवून मग पाहिला, तर खऱ्याच्या जवळ जाता येते. शिवाय आतल्या भागांवर कारखान्यात रंगाचा पुरता थर दिलेलाच नसे. गनचा उडालेला शिडकावा तेवढा तिथे पोचे. खालचा प्रायमर त्यातून डोकावतो आणि छटा फसवते. म्हणून एका जागेवर विसंबू नये. तीन-चार ठिकाणचे नमुने एकमेकांशी ताडून पाहावेत.

लाल आणि पिवळे रंग विशेष त्रास देतात. जुन्या काळातले उजळ पिवळे आणि शेंदराकडे झुकणारे लाल हे पुष्कळदा शिशाच्या क्रोमेटपासून बनत. ते दाट, झाकणारे आणि तुलनेने स्वस्त होते. आज त्यांच्या जागी आलेली सेंद्रिय रंगद्रव्ये अधिक पारदर्शक आहेत. खालचा प्रायमर राखाडी की पांढरा यावर त्यांची छटा हलते, आणि हात अधिक द्यावे लागतात. उलट काही जुने सेंद्रिय लाल वरच्या नव्या थरात पाझरतात. लाल गाडी पांढरी करायला घेतली की काही दिवसांत गुलाबी डाग वर येतात. मधे सीलरचा थर देणे हाच त्यावरचा उपाय.

डोळा आणि यंत्र

रंगाच्या दुकानात ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेली छटा रस्त्यावर उन्हात आणली की वेगळी दिसते, हा अनुभव या कामातल्या प्रत्येकाचा आहे. याचे कारण साधे आहे. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले असले, तर ते एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. जुन्या रंगांत शिशाची द्रव्ये आणि नव्यांत सेंद्रिय, म्हणजे जुन्या गाडीच्या जुळणीत हा धोका जवळजवळ नेहमीचाच. म्हणून नमुना निदान तीन उजेडांत पाहावा: सावलीतला दिवसाचा उजेड, ट्यूबलाइट किंवा एलईडी, आणि जुना पिवळा बल्ब. दुपारच्या भर उन्हात रंग पारखू नये. जवळ रंगीत भिंत असेल तर तिची झाक पडते. आणि पेंटरचे वय झाले असेल तर डोळ्यातले भिंग पिवळटलेले असते, त्याला निळ्यातला फरक कमी जाणवतो. शेजारी एखादा तरुण डोळा असावा.

मोजणाऱ्या यंत्रांच्या मागे बरेच जुने शास्त्र आहे. १९३१ साली प्रकाशयोजनेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने माणसाच्या डोळ्याचा प्रतिसाद आकड्यांत बांधला. त्याच वर्षी कुबेल्का आणि मुंक यांनी रंगाच्या थरात किती प्रकाश शोषला जातो आणि किती विखुरतो याचे गणित मांडले. संगणकावर छटेचे सूत्र काढणे आजही त्याच गणिताच्या आधाराने चालते. १९७६ मध्ये त्याच आयोगाने दोन रंगांमधले अंतर मोजण्याची जी पद्धत ठरवली, तिच्यातला ‘डेल्टा-ई’ हा आकडा आता रंग कंपन्यांच्या तोंडी असतो. ढोबळमानाने डेल्टा-ई एकच्या आसपास असेल तर फरक जेमतेम कळतो.

यंत्र पुढ्यातला रंग मोजते, पूर्वीचा रंग सांगत नाही. उन्हाने खडूसारखा झालेला पृष्ठभाग तसाच मोजला तर यंत्र इमानेइतबारे खडूचा रंग देईल. आधी रबिंग कंपाउंडने वरचा मेलेला थर काढायचा, पुसायचे, आणि मग मोजायचे. मेटॅलिक रंग असेल तर एका कोनातून मोजून भागतच नाही. त्यातले ॲल्युमिनियमचे चपटे कण समोरून उजळ आणि बाजूने गडद दिसतात, म्हणून चांगली यंत्रे पाच-सहा कोनांतून वाचन घेतात. आणि तेवढ्यानेही पुरे होत नाही, कारण तेच मिश्रण ओलसर हाताने मारले तर कण आत बसून गडद दिसते, कोरड्या हाताने मारले तर उजळ. मेटॅलिकमध्ये सूत्राइतकाच रंग मारणाऱ्याचा हात महत्त्वाचा.

साध्या, बिनमेटॅलिक रंगात मला अनुभवी पेंटरच्या डोळ्यावर यंत्राइतकाच विश्वास वाटतो. आपल्याकडे अशी माणसे अजून आहेत. डब्यातला रंग काठीवर घेऊन, वाळल्यावर तो किती गडद होईल याचा अंदाज बांधून, काळ्याचे दोन थेंब कमी करणारी. या कारागिरीला पर्याय नाही, आणि तिची नोंद कुणी केलेली नाही याची मला खंत वाटते. पण त्यांच्याकडूनही एक गोष्ट करवून घ्यावी: नमुन्याचे कार्ड. गाडीवर असणार तोच प्रायमर, तेवढेच हात, क्लिअर असेल तर तेही, आणि पूर्ण वाळल्यावरच निकाल. ओल्या रंगावरून हो म्हणणारा मालक हमखास फसतो. मिश्रण एकदम लागेल तेवढे बनवावे. शंभर मिलीच्या नमुन्यात एका थेंबाने फरक पडतो, आणि तेच प्रमाण दुसऱ्यांदा तंतोतंत साधत नाही.

आपली हवा, आपली फुफ्फुसे

मुंबई, कोकण आणि गोव्यात रंगकामाचे वेळापत्रक पावसाळा ठरवतो. एनसी रंग मारताना थिनर झपाट्याने उडतो, पत्रा थंड पडतो आणि हवेतली वाफ रंगावर धरते. चमकदार काळा रंग बघता बघता दुधाळ होतो. हळू उडणारा रिटार्डर मिसळून हे थोडे टाळता येते, पण जून ते सप्टेंबर एनसीला हात न लावणे हेच शहाणपण. टू-केचीही सुटका नाही, कारण त्यातला हार्डनर पाण्याशी भिडतो आणि बुडबुडे येतात. उघडा केलेला पत्रा तर किनाऱ्यावर रात्रभरात तांबूस पडतो. म्हणून घासून झाल्या झाल्या त्यावर इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे, आणि लांबी भरायची ती त्यानंतर. पॉलिएस्टरची लांबी ओलावा पिते. ती थेट पत्र्यावर भरली की दोन पावसाळ्यांत खालून गंजाचे फोड वर येतात, आणि मग कितीही अचूक जुळलेला रंग असो, तो निरुपयोगी ठरतो.

यापेक्षा गंभीर गोष्ट रंग मारणाऱ्या माणसाची आहे. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. श्वासातून गेले की ते दमा जडवतात, आणि एकदा शरीर त्यांना संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या वाफेनेही झटका येतो. थोड्या प्रमाणात असताना त्यांचा वास जाणवत नाही. वास आला म्हणजे धोक्याची पातळी केव्हाच ओलांडलेली असते. साधा कोळशाचा मास्क यासाठी भरवशाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. आपल्या गल्लीतल्या गॅरेजांमध्ये मुले नाकाला फडके बांधून टू-के मारताना दिसतात, आणि त्यांच्यापुढे उभी असलेली गाडी लाखोंची असते. जुना रंग कोरडा घासतानाही तेच. त्याच्या धुळीत शिसे असू शकते. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली, पण सत्तरच्या दशकातल्या मोटारीवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा आहे. पाणी मारत घासावे, आणि ते पाणी गटारात सोडू नये. गाडीच्या खर्चात मास्कचा खर्च मालकाने स्वतःहून धरला पाहिजे. तो पेंटरने मागेपर्यंत थांबू नये.

किती चमक हवी

युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशाने मोटारींच्या दुरुस्तीच्या रंगांतील उडणाऱ्या द्रावकांवर मर्यादा घातली. २००७ पासून वरच्या थराच्या रंगासाठी ती लिटरला ४२० ग्रॅम आहे. जुने लॅकर यात बसत नाहीत. पण त्याच निर्देशात ऐतिहासिक मोल असलेल्या जुन्या वाहनांसाठी मर्यादित प्रमाणात परवाना देण्याची सोय ठेवली आहे. कायदा करणाऱ्यांनी जुन्या रंगाला वारसा मानले, ही गोष्ट मला मोलाची वाटते. आपल्याकडे एनसी सहज मिळतो, म्हणून त्याची किंमत आपल्याला कळलेली नाही.

मग जुन्या गाडीला एनसीच मारावा का? माझे मत असे: गाडी छपराखाली राहणार असेल, वर्षातून मोजक्या वेळा निघणार असेल आणि तिच्यावर मुळात एनसी असल्याचा पुरावा असेल, तर हो. त्याची खोल, मऊ चमक दुसऱ्या कशाला येत नाही. रोज किंवा दर आठवड्याला फिरणारी, इमारतीखाली उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर टू-के वापरावा, पण एकाच थराचा, वर क्लिअर न देता, आणि शेवटी हाताने पॉलिश करून. साठ-सत्तरच्या दशकातल्या साध्या रंगाच्या गाडीवर जाड क्लिअरचा काचेसारखा थर दिला की ती ओळखू येत नाही. कारखान्यातून निघालेल्या त्या काळातल्या गाड्यांवर बारीक संत्र्याच्या सालीसारखे दाणे असत, सांध्यात रंग कमी असे, आतल्या भागांत तर फारच कमी. आज पारितोषिकांच्या ओढीने ते सगळे गुळगुळीत केले जाते. याचा अतिरेक झाला म्हणूनच जगभर मूळ रंगाच्या, न रंगवलेल्या गाड्यांना वेगळा मान मिळू लागला. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ साली स्वीकारलेली तुरिन सनद वास्तूंच्या जतनासाठीच्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर आहे. जतन आणि पुनर्बांधणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शक्य तिथे पहिली निवडावी, असा तिचा रोख आहे.

आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकींना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. गाडीत मोठा फेरफार झालेला चालत नाही, पण मोठा फेरफार म्हणजे चासी, बॉडी आणि इंजिन यांतला. रंगाच्या खरेपणाबद्दल हा नियम काही विचारत नाही. उलट एका रंगाला तर मनाईच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण दलांच्या वाहनांनाच लावता येतो. लष्कराच्या लिलावातून आलेली जीप हौसेने उभी करणाऱ्याला तिचा अस्सल रंग रस्त्यावर नेता येत नाही. नियमामागचे कारण रास्त आहे. अशा जीपच्या मालकाने निदान बॉनेटच्या आतला मूळ हिरवा घासून टाकू नये.

आपल्या गाड्यांची वही

आता मूळ अडचणीकडे येतो. मर्सिडीज किंवा मॉरिस मायनर उभी करणाऱ्याला परदेशातून शेड कार्ड, सूत्र, क्लबाची पुस्तिका काही ना काही मिळते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या गाडीला काय मिळते? वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९६४ पासून फियाट ११०० डी बनवली, १९७४ पासून ती पद्मिनी झाली, आणि मुंबई-पुण्यातल्या दोन पिढ्यांची पहिली गाडी ती होती. उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर २०१४ पर्यंत निघत होती. मद्रासची स्टँडर्ड हेरल्डही आपल्या रस्त्यांवर होती. या गाड्यांच्या कारखानी रंगांची वर्षवार, नमुन्यासह अशी सार्वजनिक यादी माझ्या पाहण्यात नाही. जुन्या आरसी बुकात रंगाची नोंद असते, पण ती एका शब्दाची: ‘ग्रे’, ‘ब्लू’. त्यावरून छटा निघत नाही. जुन्या जाहिरातींच्या छपाईवर विसंबणे तर सर्वांत धोक्याचे.

भर म्हणून या गाड्या फार रंगवल्या गेल्या. बुकिंग करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागण्याच्या काळात एकच गाडी वीस-पंचवीस वर्षे वापरायची, तर दर काही वर्षांनी डेंटिंग-पेंटिंग ओघानेच आले, आणि दर वेळी घरात चर्चा होऊन रंग बदलला जाई. काळ्या-पिवळ्या टॅक्सीची गोष्ट आणखी वेगळी. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली. निदान एक तरी गाडी जतन करा, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली होती. अशी एखादी जतन झाली, तर तिच्यावरचा ब्रशने टच-अप केलेला काळा आणि टपावरचा फिका पडलेला पिवळा तसाच राहू द्यावा, असे मला मनापासून वाटते. त्या गाडीचे खरे रंग तेच आहेत. नव्याने मारलेला चकचकीत पिवळा शोरूमचा होईल, मुंबईचा होणार नाही.

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला निघणाऱ्या छत्रपती घराण्याच्या मेबॅकसारख्या गाडीच्या रंगावर सगळ्या गावाची नजर असते, तिला राखणारे हात आहेत. घराघरांतल्या पद्मिनींना तसे कुणी नाही. त्यांचे रंग कुठे लिहिलेले असतील, तर ते त्यांच्याच अंगावर, डॅशबोर्डच्या मागे आणि डिकीच्या कोपऱ्यांत. एक गाडी पूर्ण सोलून पत्र्यावर आणली की त्या वहीतले एक पान जाते.

म्हणून जुनी गाडी रंगाला देणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. घासायला सुरुवात होण्याआधी तीन-चार लपलेल्या जागांचे फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी साधा पांढरा कागद ठेवून काढा. डॅशबोर्डमागची तळहाताएवढी जागा चिकटपट्टीने झाका आणि पेंटरला तिथे पेपर लावू देऊ नका. जो रंग जुळवाल त्याच्या सूत्राचा कागद, नमुन्याचे एक कार्ड, आणि चासी नंबर व गाडीचे वर्ष गाडीच्या कागदपत्रांतच ठेवा. विंटेज आणि क्लासिक मोटारींच्या क्लबांनी आपल्या सभासदांकडून असे नमुने गोळा करून पद्मिनी, ॲम्बॅसेडर आणि हेरल्डचे एक शेड कार्ड छापावे. ज्या रंग कंपन्यांनी त्या काळी या कारखान्यांना माल पुरवला, त्यांच्या जुन्या कपाटांत सूत्रांची रजिस्टरे उरली असतील तर ती त्यांनी उघडी करावीत. ज्या पेंटरांनी हे रंग प्रत्यक्ष मिसळले ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना विचारायचे असेल तर याच वर्षी विचारा.